पावले मोजा, चेहरे नव्हेत

शिरगावच्या श्रीदेवी लईराईच्या जत्रेत ३ मे २०२५ रोजी पहाटे जी चेंगराचेंगरी झाली, तीत सहा भाविकांचे प्राण गेले आणि पन्नासांहून अधिक जखमी झाले. त्याच दिवशी राज्याच्या पोलीस महासंचालकांनी वार्ताहरांना सांगितले की, जत्रेला तीस ते चाळीस हजार लोक जमले होते. उतारावर उभे असलेले काही जण तोल जाऊन पडले आणि त्यांच्यामुळे इतरही एकमेकांवर कोसळले. पुढे चौकशी समिती बसली, अहवाल आला, अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. जे गेले त्यांच्या घरी या साऱ्याने काय समाधान झाले असेल ते त्यांनाच ठाऊक. आम्हांला मात्र त्या पहिल्याच निवेदनातला आकडा अजून टोचतो आहे. तीस ते चाळीस हजार! या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत दहा हजार माणसे आहेत. शिरगावासारखी दोन-चार गावे त्या फटीत सहज बसतील.

यात त्या अधिकाऱ्यांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी त्यांनाही असाच ढोबळ आकडा सांगावा लागला असता. वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री जे शिरगावला गेले आहेत त्यांना तेथील दृश्य सांगायला नको. तळीवर स्नान करून ओलेत्याने निघालेले धोंड, त्यांच्या हातांतल्या रंगीत लोकरीच्या गोंड्यांच्या वेताच्या काठ्या, गळ्यांतले मोगऱ्याचे हार, होमकुंडाचा उजेड आणि धूर, वाद्यांचा गजर, फेरीतली खाजेवाल्यांची दुकाने, त्यांच्यापुढे रेंगाळणारी बायकामुले! या साऱ्यात उभे राहून माणसे मोजणार कशी? अनुभवी हवालदार मैदानावर नजर टाकून एक आकडा सांगतो, देवस्थानचे महाजन दुसरा सांगतात, गाड्या किती आल्या त्यावरून तिसरा कोणी तिसराच सांगतो. तिघेही प्रामाणिक असतात आणि तिघांचेही चुकलेले असू शकते.

शिवाय, गर्दीत माणूस दगावतो तो एकूण आकड्यामुळे नव्हे. चाळीस हजार माणसे मोकळ्या माळावर रात्रभर सुखाने बसू शकतात. आणि दुतर्फा दुकाने लागलेल्या उताराच्या बोळात चारशे माणसे समोरासमोर आली तर पाच मिनिटांत अनर्थ ओढवू शकतो. म्हणजे खरा प्रश्न ‘किती आले’ हा नसून ‘कोठे, कोणत्या घटकेला, किती दाटले आणि कोणत्या दिशेने सरकत होते’ हा आहे. या प्रश्नाचे उत्तर आमच्या कोणत्याही जत्रेच्या बाबतीत आजवर कोणाजवळ नाही. घटना घडल्यावर साक्षी घेऊन ते मिळत नाही. ज्यांच्या अंगावर माणसे पडली त्यांना आपण कोठून ढकलले गेलो हेही सांगता येत नाही. आणि ज्यांनी मागून ढकलले त्यांना तर पुढे कोणी पडले आहे याची गंधवार्ताही नसते.

ते उत्तर मिळवण्याचे एक साधन आता हाताशी आले आहे, आणि त्याविषयी गोमंतकीय जनतेने वेळीच विचार करावा, एवढ्यासाठी हा प्रपंच. हे साधन म्हणजे लेसरच्या किरणांनी अंतर मोजणारे, हातात उचलून नेता येण्याजोगे यंत्र. नाव ऐकून दबून जाण्याचे कारण नाही. महामार्गावर वाहनांचा वेग टिपण्यासाठी पोलीस जी बंदुकीसारखी यंत्रे रोखून उभे असतात, त्यांतली लेसरवर चालणारी यंत्रे याच जातकुळीची. यंत्रातून प्रकाशाचा एक अतिसूक्ष्म ठोका बाहेर पडतो, समोरच्या वस्तूवर आपटतो आणि परत येतो. प्रकाश एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. जाण्यायेण्याला असे वीस भाग लागले तर वस्तू तीन मीटरांवर आहे, असा हा सरळ हिशेब. वेग टिपणारे यंत्र एकाच दिशेला रोखलेले असते. माणसांचा माग घेणाऱ्या यंत्रातला आरसा गरगर फिरतो आणि किरण चहूकडे पंख्यासारखा पसरतो. ओसाकाच्या एका कंपनीचे मुठीएवढे यंत्र २७० अंशांच्या टापूत ३० मीटरांपर्यंतची अंतरे सेकंदाला ४० वेळा टिपते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत असतील तर डोळ्यांना अपायही करीत नाहीत. असे यंत्र कंबरेच्या किंवा घोट्याच्या उंचीवर ठेवले की समोरून जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी ठिपक्यांचा एक पुंजका होतो. तो पुंजका आता येथे होता, पुढच्या क्षणी तेथे गेला, असे जोडत गेले की माणसाच्या वाटेची रेघ उमटते. रेघ तेवढी उमटते. त्या माणसाचा चेहरा, रंग, कपडे यांतले काहीही तेथे नसते.

जपानात या विद्येचा बराच अभ्यास झाला आहे. टोकियो येथील संशोधकांनी रेल्वे स्थानकातल्या उतारूंच्या वाटा अनेक लेसर यंत्रे जोडून काढल्या, त्याला आता वीस वर्षे झाली. ओसाकातील एका व्यापारी संकुलात ऑक्टोबर २०१२ ते नोव्हेंबर २०१३ या काळात आठवड्यातून दोन दिवस, बुधवारी आणि रविवारी, सुमारे ९०० चौरस मीटर जागेतून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या हालचाली अशाच यंत्रांनी नोंदवल्या गेल्या. कामाच्या दिवशीचा माणूस आणि सुट्टीच्या दिवशीचा माणूस सारखा चालत नाही, दुकटा माणूस एकट्यापेक्षा सावकाश चालतो, अशा आपल्याला साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्यातून मोजमापासह हाती आल्या. साध्या गोष्टी मोजल्यावर किती महत्त्वाच्या ठरतात ते पाहा. फ्रान्समधील तुलूज येथील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की, रस्त्यावरच्या गर्दीतले बहुसंख्य लोक एकेकटे नसतात, दोघातिघांच्या घोळक्यांत असतात. हे घोळके एकमेकांशी बोलता यावे म्हणून चालताना मधला जरा मागे आणि कडेचे पुढे अशी रचना धरतात, आणि त्यामुळे साऱ्या रस्त्याचाच प्रवाह मंदावतो. आपल्या जत्रेला एकटा माणूस जातो तरी कधी? आजी नातवाचा हात धरून चालते, तिच्यामागे सुना, सुनांच्या मागे माहेरवाशिणी. असे कुटुंब तीन मीटर रुंदीच्या वाटेवर आडवे चालू लागले म्हणजे ती वाट कागदावर जेवढी रुंद असते तेवढी उरत नाही. बंदोबस्ताचे नकाशे मात्र कागदावरच्या वाटेचे असतात.

आता दाटीविषयी थोडे. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने फार पूर्वी सांगून ठेवले की, एका चौरस मीटरमध्ये सात माणसांच्या आसपास दाटी झाली की गर्दी ही माणसांची राहत नाही; ती पाण्यासारखी हलू लागते, आणि तिच्यात सापडलेल्याच्या पायांवर त्याची स्वतःची सत्ता उरत नाही. मक्केजवळ मिना येथे जानेवारी २००६ मध्ये साडेतीनशेच्या आसपास हाजयात्रेकरू चेंगरून मेले. तेथील कॅमेऱ्यांच्या चित्रफिती तपासता शास्त्रज्ञांना असे आढळले की, अरिष्टापूर्वीच गर्दीचा सुरळीत प्रवाह तुटला होता, थांबत-सरकत जाणाऱ्या लाटा सुरू झाल्या होत्या, आणि मग चहूकडे धक्के देणारी खळबळ माजली होती. स्पेनमधील पांप्लोना गावच्या उत्सवातल्या गर्दीचे चित्रण करून ल्यों येथील शास्त्रज्ञांनी २०२५ साली आणखी एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की शेकडो माणसांचा समुदाय कोणीही न ढकलता आपोआप गोल गोल डोलू लागतो. आतल्या माणसाला हे कळत नाही, बाहेरून पाहणाऱ्याला कळू शकते. थोडक्यात, अरिष्ट येण्याआधी निरोप धाडते. तो वाचणारा मात्र हवा.

असे असले तरी परदेशातली पुस्तके उघडून शिरगावचा बंदोबस्त करता येणार नाही, हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. ओसाकाच्या संकुलातला माणूस खरेदीला आलेला असतो. तो थकला तर बाकावर बसतो, कंटाळला तर घरी जातो. व्रतस्थ धोंड तसे करणार नाही. तो कित्येक दिवस सोवळे पाळून आलेला असतो, तळीवरचे स्नान आणि होमकुंडातले निखारे तुडवणे या दोन गोष्टींसाठी त्याने वर्षभर वाट पाहिलेली असते. त्याची वाट ठरलेली, क्रम ठरलेला. त्याच वाटेवर त्याला पाहायला आलेल्यांची वाट आडवी येते, आणि या दुसऱ्या समुदायाला ना क्रम ना नेम. एकाच जागी दोन निरनिराळ्या गर्दी असतात. आमच्या मते शिरगावचे कोडे या ठिकाणी आहे.

पेडण्याचे कोडे याहून निराळे. कोजागिरीच्या रात्री पेडण्याच्या पुनवेला गोव्यातूनच नव्हे तर सिंधुदुर्गातूनही लोक लोटतात. भूतनाथ एका रात्रीत देऊळ बांधून मागतो, रुसून रानाकडे धाव घेतो, आणि भाविक त्याची समजूत काढतात, ही तेथील परंपरा. म्हणजे तेथे गर्दीचा केंद्रबिंदूच धावत असतो! तरंग जिकडे वळेल तिकडे हजारो माणसे वळतात, आणि ते कोणीकडे वळेल हे आधी सांगणे मनुष्याच्या हाती नाही. जगातल्या कोणत्याही व्यापारी संकुलात किंवा स्थानकात असली गर्दी नाही. तिचा अभ्यास करायचा तर तो येथेच, त्या रात्री, आणि त्या रात्रीचा अर्थ ज्यांना ठाऊक आहे अशा माणसांनीच करायला हवा. मोरजीची मोरजाई, शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण यांना बहिणी मानणाऱ्या लोकांचा हा प्रदेश. येथला माणूस कोठे थांबतो, कोठे वाकतो, कोणाला वाट देतो, हे बाहेरच्या कंत्राटदाराला उमगणार नाही.

हे आपल्याला जमेल का, अशी शंका कोणी घेईल. त्याने नाशिककडे पाहावे. २००३ च्या कुंभमेळ्यात तेथे ३९ जण चेंगरून मेले. त्यानंतरच्या, २०१५ च्या मेळ्यात नाशिकच्याच शाळकरी आणि तरुण मुलांनी पायाखाली अंथरायची एक चटई तयार केली. तिच्यावर पाऊल पडले की दाब नोंदला जाई आणि किती माणसे पुढे गेली ते समजे. ती लेसरची नव्हती, पण तत्त्व तेच: माणूस कोण हे न विचारता पावले मोजायची. नाशिकच्या मुलांनी जे केले ते फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील किंवा गोवा विद्यापीठातील मुलांना का करता येऊ नये? यंत्रांची किंमतही आता आवाक्याबाहेर राहिलेली नाही. काही हजारांपासून काही लाखांपर्यंत ती मिळतात. एका मंत्र्याच्या स्वागताच्या कमानी किती रुपयांच्या होतात ते आम्ही येथे काढीत नाही.

यंत्राची अंगची वैगुण्येही सांगायला हवीत, नाहीतर उद्या विक्रेता ती सांगणार नाही. कंबरेच्या उंचीवरचा किरण पहिल्या ओळीतल्या माणसावर अडतो. त्याच्या मागे दोन माणसे आहेत की वीस, हे त्याला दिसत नाही. म्हणजे दाटी जेथे सर्वांत धोक्याची, तेथेच हे यंत्र आंधळे. यावर उपाय दोन. यंत्र उंचावर बांधून खाली रोखायचे, किंवा, आणि आम्हांला हा अधिक शहाणपणाचा वाटतो, गर्दीत न बसवता गर्दीकडे जाणाऱ्या वाटांवर बसवायचे. तेथे माणसे अजून सुटी सुटी चालत असतात. प्रत्येक वाटेने किती आत गेले आणि किती बाहेर आले याची वजाबाकी केली की आत किती उरले ते कळते. त्याला जागेच्या क्षेत्रफळाने भागले की दाटी कळते. होमकुंडाचा धूर, धुळीचे लोट, कोजागिरीला कधी कधी येणारी पावसाची सर, यांनी किरण फसतो. वेताच्या शेकडो काठ्या एकदम हलू लागल्यावर तो त्यांना माणसे समजेल की काय, हेही पाहावे लागेल. म्हणूनच एका वर्षाच्या नोंदीवर विसंबून चालणार नाही.

आता आम्ही या विषयाच्या दुसऱ्या, अधिक अवघड बाजूकडे वळतो. माणसांच्या वाटांची नोंद ठेवणे ही गोष्ट निरुपद्रवी नाही. हे पेडणेकरांना तरी कोणी शिकवायला नको. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, ती भूमी याच तालुक्यातली. सालाझारशाहीच्या पोलिसांकडे लेसर नव्हते. कोण रात्री कोणाच्या घरी गेला, कोण सीमेपलीकडून आला, हे पाहायला त्यांची माणसे होती, आणि त्या टेहळणीपायी कित्येक घरांतले कर्ते पुरुष तुरुंगात गेले. आज ती राजवट नाही. परंतु टेहळणीचे साधन एकदा उभे राहिले की ते कोणाच्या हाती जाईल याची हमी साधन देत नाही.

यंत्राला चेहरा दिसत नाही हे खरे. पण आमच्या गावांत चेहऱ्याची गरज असते कोणाला? तिन्हीसांजेला बांधावरून कोणी येत असेल तर ओसरीवरची म्हातारी चालीवरून सांगते की तो अमक्याचा मुलगा. तिने जे जन्मभराच्या ओळखीने केले ते यंत्रे दुसऱ्या तऱ्हेने करू शकतात. पंधरा लाख लोकांच्या मोबाईलच्या नोंदी तपासून २०१३ साली संशोधकांनी दाखवले की, माणूस कोठे आणि केव्हा होता याचे केवळ चार बिंदू माहीत असले तर शंभरांतल्या ९५ जणांना हुडकून काढता येते. लेसरची निनावी रेघ शेजारच्या कॅमेऱ्याच्या चित्राशी किंवा खिशातल्या फोनच्या नोंदीशी जोडली की ती निनावी राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. परंतु हा कायदा ओळख पटू शकणाऱ्या माणसाच्या माहितीपुरता आहे, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राने आपल्याकडे ठेवला आहे. तेव्हा ‘कायदा आहेच’ असे म्हणून या प्रश्नावर पडदा टाकता येणार नाही.

दुसरी भीती दुकानदारीची. डिसेंबर २०२४ मध्ये धारगळला सनबर्न महोत्सव भरला. ग्रामस्थांच्या एका मोठ्या गटाने त्याला विरोध केला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. तो वाद आम्ही येथे पुन्हा उकरून काढत नाही. पण असल्या तिकीट लावून भरवलेल्या जलशात कोण कोठे किती वेळ रेंगाळतो, हे कळणे म्हणजे रोकड पैसा. गिऱ्हाईक कोणत्या फळीपुढे थबकते ते पाहण्यासाठी जगभरच्या दुकानांतून अशी यंत्रे बसली आहेत. उद्या पुनवेच्या वाटेवर सुरक्षिततेच्या नावाने बसवलेले यंत्र परवा फेरीतल्या जागांचा लिलाव चढवायला वापरले गेले तर? ज्या वळणावर भाविक थांबतात ते वळण शीतपेयाच्या जाहिरातीला विकले गेले तर? हे आम्ही कल्पनेने रंगवीत नाही. मोक्याच्या जागेला भाव येतो हे हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर जमीन विकलेल्या कोणालाही विचारावे.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. मोजणी व्हावी, परंतु ती गावाच्या अनुमतीने, गावाच्या डोळ्यांदेखत आणि पावलांपुरतीच व्हावी. यंत्राबरोबर कॅमेरा नको, फोनची नोंद नको. वाटांच्या मूळ रेघा ठरावीक दिवसांत पुसून टाकाव्यात आणि दर घटकेची गर्दी, दाटी, वेग एवढेच आकडे ठेवावेत. ते आकडे पोलिसांच्या कपाटात बंद न करता पंचायतीच्या फलकावर लागावेत. कोणा एका व्यक्तीचा माग काढायला ते वापरले जाणार नाहीत, हे लेखी असावे. आणि यंत्रे कोठे आहेत हे भाविकांना समजावे. देवीच्या दारी लपवाछपवी नको.

एक आक्षेप मात्र असा आहे की ज्याचे उत्तर आम्हांला सहजी देता येत नाही. शिरगावचा तो उतार काय लेसरने दाखवायला हवा होता? तेथील प्रत्येक धोंडाला, प्रत्येक दुकानदाराला तो ठाऊक होता. वाईजवळच्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी सुमारे तीनशे माणसे मेली. तेथील अरुंद पायवाटा आणि दुकानांची दाटीही कोणापासून लपलेली नव्हती. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पूल अपुरा आहे हे रोज त्यावरून जाणारा प्रत्येक चाकरमानी सांगत होता, तरी २९ सप्टेंबर २०१७ रोजी २३ जणांचे जीव गेलेच. मिनाचा पूल २००६ नंतर नव्याने बांधला, जगातली उत्तमोत्तम यंत्रे लावली, आणि २०१५ मध्ये पुलापासून दूरच्या रस्त्यावर त्याहून भयंकर चेंगराचेंगरी झाली. माहिती असणे आणि त्या माहितीवरून पहाटे तीन वाजता कोणीतरी ‘थांबा’ म्हणणे, यांत फार अंतर आहे.

ते कोण म्हणणार? गोव्यातली देवस्थाने अजून १९३३ च्या पोर्तुगीज रेग्युलामेंतखाली चालतात; महाजनांची समिती असते, तिच्यावर मामलेदार प्रशासक. बंदोबस्त पोलिसांचा, रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, दुकानांचे परवाने पंचायतीचे, विजेच्या तारा वीज खात्याच्या. सारे सुरळीत असले की मान प्रत्येकाचा. विपरीत घडले की वाट दुसऱ्याची. यंत्राने पडद्यावर लाल ठिपका दाखवला तरी तो पाहून तळीवरून निघणारी रांग अर्धा तास रोखण्याचा अधिकार यांतल्या कोणाला आहे हे जत्रेपूर्वी ठरलेले नसेल, तर तो ठिपका चौकशी समितीला पुरावा म्हणून तेवढा उपयोगी पडेल. आणि रोखणारा केवळ गणवेशातला असून भागणार नाही. व्रतस्थ धोंड पोलिसाच्या शिट्टीने थांबेल याची आम्हांला खात्री वाटत नाही. त्याच्याच गटातल्या वडीलधाऱ्याने हात वर केला तर तो थांबेल. तेव्हा त्या वडीलधाऱ्याला यंत्राची भाषा आधी समजावून द्यायला हवी आणि मोजणीच्या आखणीत त्याला पहिल्या दिवसापासून बसवायला हवे. धोंड निखाऱ्यांवरून कोणत्या क्रमाने जातात, कोठे ते धावतात आणि कोठे रेंगाळतात, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नाही. यंत्राने त्याच्या माहितीला आकडा द्यायचा आहे.

सरकारने एवढे करावे: डिचोलीच्या मामलेदारांनी शिरगावच्या ग्रामसभेपुढे आणि देवस्थानच्या महाजनांपुढे हा प्रस्ताव ठेवावा, त्यांनी घातलेल्या अटी मान्य कराव्यात, आणि त्यांनी नकार दिला तर तोही मानावा. पेडण्यात पुनवेच्या वाटांवर असाच प्रयोग करायचा तर तेथील नगरपालिकेला आणि मानकऱ्यांना विचारावे. निदान तीन वर्षांच्या नोंदी जमल्याशिवाय कोणत्याही वाटेचे रुंदीकरण, कोणत्याही दुकानाची हकालपट्टी त्या नोंदींच्या आधारे करू नये. आणि शिरगावच्या उताराला मोजणीची वाट पाहत ठेवू नये. तेथे पायऱ्या हव्यात की कठडे, दुकाने कोणत्या बाजूला मागे सरकवायची, परतीची वाट वेगळी काढता येईल काय, हे अभियंत्याने एक दिवस गावकऱ्यांबरोबर फिरून ठरवता येण्याजोगे आहे. त्यासाठी लेसरची गरज नाही. एक मोजपट्टी पुरेल.